त्रिनिदादची सुट्टी, किनाऱ्यापलीकडची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीला बहिणीकडे गेलो की तिथून त्रिनिदादला जाऊन यायचं, असं आमच्याकडे आतापर्यंत तीनदा झालं. परत आल्यावर नातेवाईक, सोसायटीतले शेजारी, ऑफिसातली मंडळी तेच तेच प्रश्न विचारतात. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान. आठवडाभर रिसॉर्टच्या तलावाकाठी पडून राहायचं असेल तर कॅरिबियनमध्ये त्यासाठी दुसरी बेटं आहेत. त्रिनिदादला जायचं ते माणसांसाठी, पक्ष्यांसाठी, खाण्यासाठी आणि वाद्यांसाठी.

इतकी बेटं सोडून त्रिनिदादच का?

कारण हे बेट पर्यटकांवर जगत नाही. इथली कमाई खनिज तेलाची आणि नैसर्गिक वायूची. त्यामुळे इथले सण, बाजार, गाणंबजावणं हे सगळं त्यांचं त्यांच्यासाठी चाललेलं असतं. आपण त्यात जाऊन उभं राहायचं, एवढंच.

आकाराने बेट गोव्यापेक्षा थोडं मोठं, सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर. व्हेनेझुएलाचा किनारा जेमतेम ११ किलोमीटरवर. एकेकाळी ही जमीन दक्षिण अमेरिकेला जोडलेली होती, म्हणून इथलं जंगल आणि त्यातले प्राणी त्या खंडाचे आहेत. पक्ष्यांच्याच चारशेहून जास्त जाती सापडतात.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. इथे प्रत्येक गोष्टीची वेळ ठरलेली आहे. डबल्स (छोले-पुरीचा पदार्थ) सकाळी, लाल आयबिस पक्षी सूर्यास्ताला, स्टीलपॅन हे वाद्य रात्री, कासव मध्यरात्रीच्या आसपास. ‘दिवसाला चार ठिकाणं’ असा आराखडा घेऊन गेलात तर यातलं निम्मं हुकेल. दुपारी झोपा आणि संध्याकाळी बाहेर पडा.

किती दिवस हवेत?

त्रिनिदादला सहा-सात, टोबॅगोला, म्हणजे याच देशाच्या शेजारच्या छोट्या बेटाला, दोन. चार दिवसांत उरकायचं असेल तर निदान टोबॅगो सोडा.

कधी जावं?

जानेवारी ते मे कोरडा हंगाम, जून ते डिसेंबर पावसाळा. चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेपासून बेट बरंच दक्षिणेला आहे, त्यामुळे पावसाळ्यातही सहसा तो धोका कमी असतो. पाऊस कोकणासारखा दिवसदिवस लागून राहत नाही, दुपारी तासभर कोसळतो आणि जातो.

माझं मत विचाराल तर मार्चचा शेवट किंवा एप्रिल. कार्निव्हलची गर्दी ओसरलेली असते, कासवं यायला लागलेली असतात आणि रस्तेही कोरडे असतात. दिवाळीतही जाण्यासारखं आहे. तिथे दिवाळीला सार्वजनिक सुट्टी असते आणि शाग्वानासजवळच्या ‘दिवाळी नगर’ मैदानावर आधी नऊ-दहा दिवस मोठा उत्सव चालतो. गावोगावी बांबू वाकवून कमानी करतात आणि त्यांवर पणत्या लावतात. दिवाळी तिथे विजेच्या माळांची झालेली नाही.

व्हिसा लागतो का?

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी नव्वद दिवसांपर्यंत त्रिनिदादचा व्हिसा लागत नाही. नियम बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी खात्री करून घ्याच. खरी अडचण वाटेतल्या देशाची असते. मुंबईहून थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे जायचं तर विमानतळावर फक्त विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडन किंवा टोरांटोमार्गे जाणार असाल तर त्यांचे ट्रान्झिटचे नियम वेगळे. म्हणून अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणाऱ्यांना हे बेट सर्वांत सोयीचं पडतं. व्हिसा हातात असतोच आणि न्यूयॉर्क किंवा मायामीहून थेट विमानं आहेत.

पिवळ्या तापाची लस खरंच घ्यावी लागते?

हो. हा मुद्दा कोणीही हलक्यात घेऊ नये. पिवळा ताप असलेल्या देशांच्या भारत सरकारच्या यादीत त्रिनिदाद आहे, टोबॅगो नाही. त्रिनिदादहून परतताना लसीचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात विमानतळावरूनच विलगीकरणात जावं लागू शकतं, तेही सहा दिवसांपर्यंत. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, आधी वेळ घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. एकदा घेतली की ती आयुष्यभर चालते. साठीच्या पुढच्यांनी, अंड्याची अॅलर्जी असलेल्यांनी आणि लहान बाळांच्या आईवडिलांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला हे निघायच्या आठवड्यात कळलं आणि सगळा बेत रद्द करावा लागला.

तिथले भारतीय म्हणजे आपलेच लोक ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो.

३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ नावाचं जहाज सव्वादोनशेच्या आसपास भारतीय मजुरांना घेऊन त्रिनिदादला पोहोचलं. गुलामगिरी संपली होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसं अशी करारावर आली. बहुतेक आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातली आणि बिहारमधली, कलकत्त्याच्या बंदरातून निघालेली, थोडी मद्रासकडची. मराठी मुलखाशी या प्रवासाचा संबंध नाही. आज देशाच्या लोकसंख्येत त्यांचे वंशज एक तृतीयांशाहून थोडे जास्त आहेत आणि ३० मे हा सुट्टीचा दिवस आहे.

भाषा गेली आहे. घरात इंग्रजीच बोलतात, तीही त्यांच्या लयीत. पण शब्द राहिलेत. आम्ही उतरलो होतो त्या घरात पहिल्या सकाळी सहा-सात वर्षांची मुलगी अंगणातून हाक मारत आली, “आजी! आजी!” आणि पुढचं सगळं वाक्य इंग्रजीत. मी स्वयंपाकघरात हातातला कप तसाच धरून उभी राहिले. भोजपुरीतही वडिलांच्या आईला आजी म्हणतात आणि वडिलांच्या वडिलांना आजा. आईकडचे ते नाना-नानी. तवा, बेलना, भाजी, चोखा, जिऱ्याचं ‘गीरा’, तरकारीचं ‘तलकारी’ असं करत स्वयंपाकघरातलं अर्धं बोलणं आपल्याला कळतं.

हिंदू घरांसमोर बांबूच्या उंच काठ्यांना लावलेली रंगीत कापडाची निशाणं दिसतील. त्यांना ‘झंडी’ म्हणतात. घरात पूजा झाली की झंडी रोवायची, हनुमानाची लाल. उन्हापावसाने कापड विटून फाटेपर्यंत ती तिथेच असते. आपल्याला पाहताक्षणी गुढी आठवते.

एक कळकळीची विनंती. त्यांच्याशी बोलताना ‘तुम्ही अजून किती भारतीय राहिलात’ याची परीक्षा घेऊ नका. पाच-सहा पिढ्या त्यांनी हा देश घडवला आहे, ते त्रिनिदादचे आहेत. आणि फक्त भारतीय वंशाच्या गावांत फिरून परतू नका. आफ्रिकी वंशाच्या लोकांनी दिलेलं संगीत, कार्निव्हल, स्वयंपाक हे पाहिलं नाही तर बेट पाहिलंच नाही.

समुद्रातलं मंदिर म्हणतात ते कुठे आहे?

वॉटरलू गावी, पश्चिम किनाऱ्यावर. ते शिवदास साधू नावाच्या मळ्यातल्या मजुराने बांधलं. त्यांनी आधी किनाऱ्यावर मंदिर बांधलं होतं, पण जमीन साखर कंपनीची. १९५२ मध्ये ते पाडलं गेलं आणि शिवदासांना तुरुंगातही जावं लागलं. सुटल्यावर त्यांनी समुद्रातच भर घालायला घेतली, कारण समुद्रावर कंपनीची मालकी नव्हती. बादलीतून, सायकलवरून दगड-सिमेंट वाहत वर्षानुवर्षं ते एकट्याने काम करत राहिले. ते हयात असताना मंदिर पूर्ण झालं नाही. १९९५ मध्ये, भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, सरकारने ते पुरं केलं.

भरतीच्या वेळी जा. ओहोटीला भोवती नुसता चिखल असतो. शेजारीच स्मशानभूमी आहे, तिथे अनेकदा चिता जळत असते, तेव्हा फोटो काढताना भान ठेवा. त्याच रस्त्यावर एक छोटं संग्रहालय आहे, त्यात मळ्यांतल्या घरांमधली जुनी भांडीकुंडी, वाद्यं, कागदपत्रं जपून ठेवली आहेत. मला ते मंदिराइतकंच महत्त्वाचं वाटलं.

जवळच कारापिचाइमा इथे ८५ फुटी हनुमानाची मूर्ती आहे. ती ज्या आवारात आहे ते दत्तात्रेयाचं मंदिर आहे, हे मात्र पुष्कळांना माहीत नसतं. म्हैसूरच्या दत्तपीठाशी जोडलेलं ते केंद्र आहे. आईला फोनवरून तिथला दत्त दाखवला तर तिने पलीकडून हात जोडले.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

अजिबात नाही. उलट कॅरिबियनमध्ये शाकाहारी माणसाने कुठे जावं तर इथेच.

सुरुवात डबल्सपासून करा. हळद घातलेल्या मऊ, तळलेल्या दोन पुऱ्या, त्यांना ‘बारा’ म्हणतात. त्यावर रसदार छोले, वर किसलेली काकडी, चिंचेची चटणी, तिखट. विकणारा एका हाताने बारा कागदावर टाकतो, दुसऱ्या हाताने छोले, कागदाची दोन टोकं पिळली की पुडी तयार. दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. खायचं उभ्याने, हाताने, बारा फाडून त्यातच छोले उचलत. चमचा मागू नका. १९३० च्या दशकात प्रिन्सेस टाऊनच्या एका कुटुंबाने हा पदार्थ सुरू केला. आधी एकच बारा असे, गिऱ्हाइकं ‘डबल’ मागू लागली, तेच नाव पडलं. आज ऑफिसला जाणारा साहेब आणि बांधकामावरचा मजूर एकाच गाडीपुढे उभे असतात.

तिखटाबद्दल विचारतील तेव्हा पहिल्या दिवशी ‘स्लाइट’ म्हणा. कोल्हापूरकरांनीसुद्धा. तिथली मिरची वेगळ्या जातीची आहे. जगातल्या सर्वांत जहाल मिरच्यांमध्ये गणली जाणारी एक विंचू मिरची याच बेटावरच्या मोरुगा गावच्या नावाने ओळखली जाते.

डालपुरी जरूर खा. दिसायला थेट पुरणपोळी, पण आतलं पुरण तिखटमिठाचं. पिवळी डाळ शिजवून, वाटून, त्यात जिरं. पोळी इतकी मोठी की ताटाबाहेर जाते. तिच्यात भोपळा, छोले-बटाटा किंवा ‘बोडी’ म्हणजे चवळीच्या शेंगा गुंडाळून देतात. आमच्या घरमालकीणबाई वांगं थेट जाळावर भाजत, लसूण वांग्यातच खोचून. मग सोलून, कुस्करून, वरून कडकडीत तेल. त्याला बैगन चोखा म्हणतात. आपलंच भरीत, फक्त कोथिंबिरीच्या जागी ‘शाडो बेनी’, करवती कडांच्या लांब पानांची, तसाच पण अधिक उग्र वास. भारतीय घरांत तिचं नाव ‘बंधनिया’. सान फर्नांडोच्या दक्षिणेला डेबे गावात रस्त्याकडेला सहिना, फुलौरी, कचोरी यांची दुकानं रांगेने आहेत. संध्याकाळी उपाशीपोटी जा.

सांभाळायचं इतकंच : अळूच्या पानांचं ‘कलालू’ दिसतं शाकाहारी, पण त्यात बरेचदा खेकडा असतो. विचारून घ्या.

लाल पक्षी दिसतात ती जागा कोणती?

कारोनीची दलदल, राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या दक्षिणेला, गाडीने अर्ध्या तासाच्या आत. दुपारी चारच्या सुमाराला होड्या सुटतात. खारफुटीतल्या अरुंद खाड्यांतून होडी जाते. नावाडी मध्येच इंजिन बंद करून फांदीवर वेटोळं घालून बसलेला साप दाखवतो. मग होडी मोकळ्या पाण्यात येते आणि समोरच्या हिरव्या बेटाकडे तोंड करून सगळे गप्प बसतात.

आधी दोन येतात. मग पाच. मग थव्यामागून थवे, पाण्याला लागून, कुंकवाच्या रंगाचे. अर्ध्या तासात झाड फुलल्यासारखं दिसू लागतं. हा रंग त्यांच्या खाण्यातल्या खेकडे-कोळंबीतून येतो, पिल्लं करड्या रंगाची असतात. हा आयबिस देशाचा राष्ट्रीय पक्षी आहे. पूर्वी त्याची चोरटी शिकार व्हायची, आता कायदा खूप कडक झाला आहे. होड्या पक्ष्यांपासून दूरच थांबतात, म्हणून दुर्बीण न्या. मोबाइलच्या फोटोत नुसते लाल ठिपके येतील. डासांचं मलम विसरू नका.

कासवं पाहायला खास परवानगी लागते का?

लागते. १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात मातुरा, ग्रांद रिव्हिएर अशा किनाऱ्यांवर रात्री परवाना आणि स्थानिक वाटाड्या यांशिवाय जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मातुराला गावकऱ्यांनीच १९९० पासून संरक्षणाचं काम हाती घेतलं. त्याआधी तिथे मांसासाठी कासवं सर्रास मारली जात. आपल्या कोकणातल्या वेळासच्या लोकांनी जे केलं तेच इथल्या गावाने केलं. फक्त वेळासची ऑलिव्ह रिडले चाळीस-पन्नास किलोची, आणि ही लेदरबॅक तीनशे ते पाचशे किलोची.

पोर्ट ऑफ स्पेनहून ग्रांद रिव्हिएरला पोहोचायला अडीच-तीन तास लागतात, तेव्हा मुक्काम तिथेच करा. काळोखात, लाल दिव्याच्या उजेडात, वाटाड्या सांगेल तेव्हाच जवळ जायचं. खड्डा खणताना मादीला त्रास झाला तर ती अंडी न घालता परत फिरते. एकदा अंडी घालायला लागली की मात्र ती कशानेही विचलित होत नाही. मागचे वल्ह्यासारखे पाय हातासारखे वाकवून ती वाळू उचलते, बाजूला ठेवते, पाय पुन्हा आत घालते, आणि खड्डा कुठेही ढासळत नाही. तिचा श्वास ऐकू येतो, थकलेल्या माणसासारखा. डोळ्यांतून चिकट पाणी गळतं. ते शरीरातलं जादा मीठ बाहेर टाकणं असतं, हे माहीत असूनही आमच्यातलं कोणी बोललं नाही.

कार्निव्हलची गर्दी झेपणार नाही. संगीत ऐकायचं तर?

कार्निव्हल म्हणजे अॅश वेन्सडेच्या (ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारच्या) आधीचे सोमवार-मंगळवार, २०२७ मध्ये ८ आणि ९ फेब्रुवारी. त्या दिवसांत हॉटेलं महाग आणि रस्ते बंद. ज्यांना नाचायचं आहे त्यांनी जावं. ऐकायचं असेल तर दोन-तीन आठवडे आधी जा आणि रात्री पॅनयार्डमध्ये, म्हणजे स्टीलपॅन वाद्यवृंदांच्या सरावाच्या जागी, बसा.

स्टीलपॅन हे वाद्य याच बेटावर जन्मलं, १९३० आणि ४० च्या दशकांत. इंग्रज सरकारने ढोलांवर बंधनं घातली, तेव्हा लोकांनी बांबू आपटून ताल धरला. मग डबे, आणि शेवटी तेलाची पिंपं. पिंपाचा तळ घणाने ठोकून खोलगट करायचा आणि त्यावर एकेक सूर ठोकून बसवायचा. मोठ्या वाद्यवृंदात शंभरावर वादक असतात, त्यांतल्या अनेकांना नोटेशन वाचता येत नाही, सगळं पाठ. ‘पॅनोरमा’ ही त्यांची स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. तिच्या सरावाला, म्हणजे पॅनयार्डच्या मोकळ्या आवारात, कोणीही जाऊन बसू शकतं. एकच ओळ वीस वेळा घोटतात. शाळेचा गणवेश घातलेली मुलगी आणि पांढऱ्या केसांचे आजोबा शेजारी शेजारी वाजवत असतात. मग अकराच्या सुमाराला कोणीतरी ‘वरून’ (म्हणजे सुरुवातीपासून) म्हणतं आणि संपूर्ण रचना एका दमात येते. छातीत घुमते. या बेटावरची एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी हीच निवडीन.

डांबराचं तळं पाहण्यासारखं आहे का?

ला ब्रेया इथलं शंभर एकरांचं नैसर्गिक डांबर, जगातला असा सर्वांत मोठा साठा. दिसायला वाहनतळासारखं, पण वाटाड्या काठीने डांबर ओढून दाखवतो तेव्हा मजा येते. इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅलेने १५९५ मध्ये इथल्या डांबराने आपली जहाजं सांधली होती. मुलं बरोबर असतील तर जा, नाहीतर एक सकाळ वाचवा.

क्रिकेटप्रेमींनी काय चुकवू नये?

क्वीन्स पार्क ओव्हल. याच मैदानावर मार्च १९७१ मध्ये सुनील गावसकरांनी पहिली कसोटी खेळली, ६५ आणि नाबाद ६७. त्याच सामन्यात मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ११२ केल्या. कर्णधार अजित वाडेकर. वेस्ट इंडिजवरचा भारताचा तो पहिला कसोटी विजय. एप्रिलमध्ये गावसकर इथेच परत आले आणि एका सामन्यात १२४ आणि २२० करून गेले. लॉर्ड रिलेटर या तिथल्या कलाकाराने त्यांच्यावर कॅलिप्सो, म्हणजे तिथल्या धाटणीचं गाणं, रचलं. १९७६ मध्ये भारताने चौथ्या डावात ४०३ धावांचं लक्ष्य गाठलं तेही इथेच. सामना नसला तरी बाहेरून मैदान आणि मागचे हिरवे डोंगर पाहा. साठीच्या टॅक्सीवाल्याला फक्त ‘गावसकर’ म्हणा, पुढचा अर्धा तास तो बोलेल.

सुरक्षित आहे का?

गुन्हेगारी आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. टोळ्यांच्या हिंसाचारामुळे ३० डिसेंबर २०२४ रोजी देशात आणीबाणी जाहीर झाली होती. जाण्याआधी ताज्या सूचना वाचा. तिन्ही वेळा आम्ही काही नियम पाळले : राजधानीच्या मध्यभागात अंधार पडल्यावर पायी फिरायचं नाही, दागिने घरीच, रात्रीच्या कार्यक्रमाला ओळखीच्याच गाडीने जायचं-यायचं, आणि कुठे जाऊ नये ते घरमालकांना रोज विचारायचं. मनाला सतत धाकधूक वाटत असेल तर हे बेट सध्या टाळा. सुट्टीत भीती बाळगून फिरण्यात राम नाही.

फिरायचं कसं?

वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे गाडी भाड्याने घेणं सोपं. मॅक्सी टॅक्सी म्हणजे ठरलेल्या मार्गावरच्या मिनीबस, त्यांच्या पट्ट्याच्या रंगावरून दिशा कळते : पूर्वेला लाल, शाग्वानास-सान फर्नांडोकडे हिरवा. दिवसा आम्ही त्याच वापरल्या. चढताना सगळ्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं असतं. न म्हणणारा तिथे उद्धट ठरतो. आणि वीज ११५ व्होल्टची, पिना अमेरिकन पद्धतीच्या.

टोबॅगोला गेलो तर पुन्हा किनाराच ना?

किनारे सुंदर आहेत, पण मधोमध जो डोंगरकणा आहे त्यावरचं जंगल १७७६ पासून कायद्याने राखीव आहे. पावसासाठी झाडं राखावीत हा विचार तेव्हा कायद्यात आला. वाटाड्या घेऊन सकाळी त्या जंगलात चाला, दुपारी खुशाल पोहा. विमानाने वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

येताना काय आणावं?

चॉकलेट. त्रिनिटारिओ ही कोकोची नामांकित जात याच बेटावर तयार झाली. १७२७ च्या सुमाराला जुनी लागवड नष्ट झाली आणि उरलेल्या झाडांचा बाहेरून आणलेल्या जातीशी संकर झाला. लोपिनो किंवा ब्रासो सेको या डोंगरातल्या गावांत कोको वाळवताना पाहता येतो. वाळलेल्या बियांना चकाकी यावी म्हणून पूर्वी त्या पायांनी तुडवत, त्याला तिथे ‘कोको नाचवणं’ म्हणतात. दुसरं म्हणजे कुचेला, किसलेल्या कैरीचं मोहरीच्या तेलातलं लोणचं. बाटली नीट बंद करून चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून ठेवा. आमची दुसऱ्या खेपेची बाटली वरणभाताबरोबर पंधरा दिवसांत संपली, म्हणून तिसऱ्या खेपेला चार आणल्या.